गिरीजच्या डोंगरीवर कॅमेऱ्याची परीक्षा

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबे वसईजवळच्या गिरीजला सहलीस गेलो. वर्गणीतून एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरले होते. म्हणून एका नातलगाचा कॅमेरा परीक्षेसाठी मागून नेला. मोबाईल असताना कॅमेरा कशाला, असे कोणी विचारील. आमच्यातील एका बंधूंच्या आईचे सगळे फोटो बिघडलेल्या मोबाईलबरोबर गेले. माउली वारल्यावर ओळखपत्रावरचा पुसट फोटो मोठा करून भिंतीवर लावावा लागला. तो सल आम्हा सर्वांनाच होता.

केळी-नारळाच्या वाड्यांमधून आम्ही हिरा डोंगरीच्या पायऱ्या चढलो. ऊन डोक्यावर आले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीच दिसेना. पहिला धडा मिळाला : कॅमेरा दुकानाबाहेर उन्हात धरून पाहावा. वरून दूरची वाडी जवळ ओढली, तर चित्र फाटले. भिंग हलवून होणारा ऑप्टिकल झूमच खरा. डिजिटल झूम म्हणजे कापून मोठे केलेले चित्र.

दुपारी भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. वारा सुटला, पुढे येणाऱ्या भिंगात वाळू शिरली आणि कॅमेरा अडकला. दुरुस्तीचे पैसे वर्गणीतून गेले! ज्याचे भिंग आतच राहते, असा बंदिस्त कॅमेरा अशा ठिकाणी टिकतो. २०२३ साली आलेला ओएम सिस्टमचा टीजी-७ पाण्यात १५ मीटरपर्यंत आणि २.१ मीटरवरून पडला तरी चालावा, असा बनवला आहे. पण तो आमच्या ऐपतीबाहेरचा.

शेवटी त्याच पद्धतीचा, वापरलेला कॅमेरा घेतला. जुन्या कॅमेऱ्याचे रबरी सील झिजलेले असू शकते. म्हणून तो पाण्यात बुडवायचा नाही, हा आमचा नियम. जास्तीची बॅटरी मिळते ना, हेही आधी पाहिले. मेगापिक्सेलला भुललो नाही. ४ बाय ६ इंची चांगल्या फोटोला इंचाला ३०० ठिपके धरले, तरी २२ लाखांहून कमी ठिपके लागतात. १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख!

नव्या कॅमेऱ्याने पहिला फोटो त्याच पायऱ्यांवर, आमच्यातील सर्वांत थोरल्या आजींचा काढला. चार प्रती छापून चारही घरी दिल्या. कॅमेरा कोणताही घ्या, बंधुभगिनींनो, पण फोटो कागदावर उतरवा. माणूस समोर बसले आहे तोवरच.