रिबेकासमोरची वही

हैदराबादला सहल नेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असते. आम्ही शनिवारी गेलो. आम्ही म्हणजे उर्दू शाळेतले दोन शिक्षक आणि आठवीच्या 22 मुली. सोलापूरहून रात्रभर प्रवास झालेला, त्यामुळे निम्म्या पेंगत होत्या.

मुसी नदीच्या काठावरची ही इमारत 1968 पासून वापरात आहे. आतला बराचसा संग्रह मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग यांनी जमवलेला. एका दिवसात तो सगळा पाहून होत नाही. तासाच्या ठोक्याला घड्याळातून छोटा पुतळा बाहेर येऊन घंटा वाजवतो, तेवढे मुलींना दाखवले आणि थेट रिबेकाकडे नेले.

इटलीच्या बेन्झोनी या शिल्पकाराचा हा संगमरवरी पुतळा पहिल्या सालारजंगांनी 1876 मध्ये आणला. रिबेका म्हणजे हजरत इस्हाक (अ.स.) यांच्या पत्नी. होणाऱ्या पतीला दुरून पाहून तिने चेहऱ्यावर ओढणी घेतली, अशी बायबलमधली हकीकत आहे. ओढणी दगडाचीच, तरी तिच्याआडून नाकडोळे दिसतात! ओले कापड अंगाला चिकटावे तशी ती दिसते.

मुलींना आम्ही सांगितले, दहा मिनिटे नुसते पाहा, वही उघडायची नाही. नंतर चार ओळी लिहा. यमक जुळले नाही तरी चालेल. बहुतेकींनी 'हुस्न', 'हया', 'संगमरमर' असे पाठ्यपुस्तकातले शब्द ओळीने मांडले. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली होती : 'अम्मा का दुपट्टा बी ऐसाच चिपकता, कपडे धोते वखत.'

खिशात लाल पेन असतोच. सवयीने आम्ही 'बी'चे 'भी' केले, 'वखत'चे 'वक्त', आणि 'ऐसाच'मधला 'च' खोडला. मग वाचून दाखवायला सांगितले. तिने दुरुस्त ओळ खाली मान घालून एका दमात वाचून टाकली. कुणाला काही कळले नाही. दुसऱ्या टीचरनी म्हटले, "बेटी, पहले जो लिखा था वो पढ़ो." तिने वाचले, तेव्हा सगळ्या मुलींनी पुन्हा मान वर करून पुतळ्याकडे पाहिले. जवळ उभा असलेला पहारेकरीही हसला. तो दिवसभर हीच बोली बोलत असणार.

आम्हाला मात्र लाज वाटली. हे शहर 1591 मध्ये वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दक्खिनीतला शायर, त्याचा मोठा दीवान आहे. हे आम्ही वर्गात शिकवतो, परीक्षेतही विचारतो. दक्खिनीतला हा 'च' मराठीच्या शेजारातून आला, हेही दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आम्हाला माहीत. आणि त्याच्याच शहरात येऊन आम्ही तो खोडला!

डबे उघडले तेव्हा आम्ही तिची वही मागून घेतली. लाल शाई खोडरबराने निघेना, उलट कागद फाटू लागला. शेवटी तिलाच म्हटले, नव्या पानावर पुन्हा लिही.

ती आमच्याकडे पाहत राहिली. मग विचारले, "वैसाच लिखूं, टीचर?"