रीलफूटच्या काठावर गळ टाकताना

अमेरिकेत टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात रीलफूट तळे आहे. १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून ते निर्माण झाले. बुडालेल्या अरण्याचे खुंट आजही पाण्यात आहेत. वसंतात क्रॅपी मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतात. त्यांच्या तोंडाची त्वचा इतकी पातळ, की हिसका देताच ती फाटून गळ सुटतो. म्हणून हलकी काठी, बारीक दोरी आणि सावकाश ओढ. संधिवाताने आखडलेल्या हातांनाही हे बहुधा झेपते. मुलांकडे गेलात, तर परवाना काढून हा आनंद अवश्य घ्या. सोबत्यांनो, जीवरक्षक जाकीट, टोपी आणि पिण्याचे पाणी विसरू नका. ज्येष्ठांना रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास अणकुचीदार गळ तुम्हीच हाताळा. काठी मात्र त्यांच्याच हाती राहू द्या.