काटकोनापुरता ठोकळा

लेगोच्या ठोकळ्यावरची बटणं एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक चढवल्या की एक ठोकळा. १९५८ साली डेन्मार्कमध्ये ज्या जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तीच आजही चालू आहे. १९६३पासून हे ठोकळे सेल्युलोज अ‍ॅसिटेटऐवजी एबीएस प्लास्टिकचे होऊ लागले, म्हणून त्यांची मापं वर्षानुवर्षं टिकतात. मॉडेल रेल्वेच्या इमारती हाताने बांधणाऱ्याला घरातल्या घरात याहून चांगला गुण्या मिळणार नाही. हे सगळं माहीत असूनही माझं पहिलं स्टेशन पिळवटलेलं आणि बुटक्या दारांचं झालं. चुका सगळ्या माझ्याच होत्या. या पद्धतीचे फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मी चुका सांगतो.

आपल्याकडच्या स्टेशनांचे किट बाजारात सहसा मिळत नाहीत. फालरसारख्या कंपन्यांची घरं सुबक असतात, पण ती जर्मनीच्या खेड्यातली. काळ्या दगडाच्या भिंती आणि मंगलोरी कौलं असलेलं घाटातलं स्टेशन हवं असेल, तर स्टायरीन शीट कापून ते स्वतःच उभं करावं लागतं. माझं काम एचओ स्केलमधलं, म्हणजे १:८७. या मापात भिंती कापणं सोपं असतं; त्या काटकोनात धरून ठेवणं अवघड, कारण जोड वाळेपर्यंत बोटं स्थिर राहत नाहीत. म्हणून ठोकळे. पातळ बेसप्लेटवर इंग्रजी एलच्या आकारात दोन ओळी रचायच्या, भिंती त्यांना टेकवायच्या आणि कोपरा जोडायचा.

पहिला कोपरा मी असाच जोडला आणि जोडावर द्रावक सोडलं. हे द्रावक गोंदासारखं चिकटत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि उडून गेल्यावर मागे एकसंध प्लास्टिक राहतं. पातळ असल्यामुळे ते जिथे फट मिळेल तिथे ओढलं जातं. भिंत आणि ठोकळा यांच्यात केसाएवढी फट होती. स्टायरीन त्यात विरघळतं, एबीएसही विरघळतं. सकाळी भिंत सोडवायला गेलो तर ठोकळ्याचा तुकडा भिंतीला आणि भिंतीचा पापुद्रा ठोकळ्याला. दगडांची नक्षी मी दोन्ही बाजूंना कोरली होती. आतली तेवढ्या भागात गेली.

ठोकळे मुलीचे होते. ती कॉलेजात गेली म्हणून ते माझे झाले, असं मी परस्पर धरून चाललो होतो. "बाबा, नुसतं विचारलं असतंत तरी दिले असते," ती म्हणाली. ते खरंच होतं. आता मी माझे वेगळे ठोकळे घेतले आहेत आणि तिचा डबा तिच्या कपाटात आहे. कोपऱ्यातला ठोकळा मी वापरतच नाही: जोडापासून एक बटण जागा मोकळी सोडतो आणि भिंत व ठोकळ्यामध्ये बेकिंग पेपरची पट्टी घालतो. द्रावकाला पोहोचायला जागाच उरत नाही.

पिळाचं कारण शोधायला मला जास्त वेळ लागला. चारही कोपरे गुण्याला लागत होते, समोरासमोरचे कर्ण सारखे भरत होते, तरी इमारत काचेवर ठेवली की डुगडुगायची. दोष बेसप्लेटमध्ये होता. ती पातळ पट्टी सहज वाकते आणि माझं जेवणाचं टेबल मधे किंचित खचलेलं आहे. पट्टीने टेबलाचा आकार घेतला, भिंतींनी पट्टीचा. गवंडी पायाची पातळी आधी बघतो. मी बघितली नव्हती. त्यातच दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त पाकिटातले ठोकळे मिसळले होते. ते बसत होते, पण थोडे सैल, आणि ओळ लांबली की तो सैलपणा डोळ्यांना दिसायला लागायचा. आता बेसप्लेट जाड काचेवर दुहेरी टेपने चिकटवलेली आहे आणि ठोकळे एकाच जातीचे आहेत.

या चुका हाताच्या होत्या. सगळ्यात मोठी चूक मात्र विचारातली होती: ठोकळ्याला मी मोजपट्टी केलं. रचताना सोपं जावं म्हणून इमारतीची मापं ८ आणि ९.६च्या पटीत आणत गेलो. दारं दोन ठोकळे आणि एक पट्टी, म्हणजे २२.४ मिलिमीटर उंच कापली. त्याला ८७ने गुणलं तर जेमतेम १.९५ मीटर भरतात. जुन्या स्टेशनांची दारं याहून कितीतरी उंच असतात, वर हवेसाठी झडप असते. माझ्या दारात साडेपाच फुटी प्रवासी उभा केला तर त्याचं डोकं चौकटीच्या जवळ जायचं, आणि तेवढ्यानेच सगळ्या इमारतीचा भारदस्तपणा गेला.

फलाटाचं तर फारच वाईट वाटलं. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. ८४०ला ८७ने भागलं की ९.६६ येतात, म्हणजे जवळजवळ अख्खा एक ठोकळा. हा योग मला इतका आवडला की मी फलाट ठोकळ्याच्या उंचीचा केला आणि लेआउटच्या पाटावर ठेवला. माप रुळाच्या माथ्यापासूनचं होतं हे विसरलो. पाटावर आधी ३ मिलिमीटर कॉर्क, त्यावर स्लीपर आणि रूळ मिळून साधारण ५. फलाट रुळाच्या वर दीड मिलिमीटर उरला. डबा येऊन उभा राहिला तर दाराची पायरी फलाटाच्या पार वर. स्टेशन लेआउटवर पक्कं बसवून झालं होतं. ते उचकटताना पुढची कौलंही फुटली.

प्लास्टरची भिंत ओतायला साचा करतानाही ठोकळे कामाचे, कारण चौकट उकलून काढता येते, ओतकाम ओढावं लागत नाही. पण बटणांवर थेट ओतलं तर भिंतीला गोल खड्डे पडतात आणि फटींतून पाणी झिरपतं. तळाला गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा, बाहेरून फटींना मातकामाची चिकणमाती आणि आतून व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. जाड हात दिला तर दगडांची कड बोथट होते. तेही करून झालं आहे.

मापं आता मी फोटोंवरून आणि प्रत्यक्ष जागेवर मोजून घेतो, कागदावर १:८७ काढतो, भिंती कापतो आणि मग ठोकळ्यांकडे वळतो. भिंत आणि ठोकळ्यांची ओळ यांच्यात उरलेली जागा कार्डशीटच्या पट्ट्यांनी भरतो. इमारतीच्या आत आधाराला ठेवलेले ठोकळे छत चिकटवण्याआधी मोजून बाहेर काढतो. एकदा दोन आत राहिले होते आणि जमीन कापावी लागली.

सध्या सिग्नल केबिन चालू आहे. तिच्या वरच्या मजल्याची खिडक्यांची बाजू पुढे आलेली आहे आणि तिचे कोपरे १३५ अंशांचे आहेत. तिथे ठोकळे चालत नाहीत. बिजागरीचे ठोकळे लावून बघितले, ते रात्रभरात हलले. त्या दोन कोपऱ्यांसाठी सुताराकडून सागाचे तुकडे कापून आणले आहेत. एका तुकड्याचा कोन अर्धा अंश कमी भरतो, तो घासायचा आहे.