आम्ही, आमची यंत्रं आणि एक तांब्याची तार

वाचकहो, आम्ही पडलो हौशी. बाजारात नवं यंत्र आलं की ते आपल्या घरी आलंच पाहिजे, ही आमची जुनी खोड. १९८१ साली सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स ८१ हा पिटुकला कॉम्प्युटर निघाला, तेव्हा तो घेणाऱ्यांत आम्ही होतो. त्याची स्मरणशक्ती फक्त एक किलोबाइट! "एवढ्यात माझी वाण्याची यादीसुद्धा मावायची नाही," असा शेरा सौ.ने तेव्हाच मारला होता. पुढे व्हिडिओ आला, फॅक्स आला. मराठी फॉन्ट आले. आमच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला 'नमस्कार' दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की चौकोन-चिन्हांची रांगोळी दिसायची. स्काइप आलं आणि मे २०२५ मध्ये गेलंसुद्धा. हल्ली आम्ही फोनशी मराठीत बोलतो आणि तो ते निमूटपणे लिहून घेतो. आमचं इतकं निमूटपणे ऐकणारं घरात तेवढं एकच आहे.

या सगळ्या गर्दीत एका यंत्राकडे मात्र आम्ही कधी मान वर करून पाहिलं नाही. ते म्हणजे हॉलमधला साधा टेलिफोन.

१९७४ साली आम्ही हॅरोला बिऱ्हाड थाटलं, तेव्हा टेलिफोन पोस्ट खात्याकडून भाड्याने मिळत असे. पुण्याला बोलायचं म्हणजे आधी कॉल बुक करा, मग वाट बघा, आणि लागला की दोन्हीकडून नुसतं "ऐकू येतंय का?" आमच्या नंबराची सुरुवात त्या वेळी ०१ ने व्हायची. १९९० साली त्याचे ०८१ झाले, १९९५ साली ०१८१ आणि २००० साली ०२०. दर वेळी आईला नवा नंबर वहीत लिहून घ्यायला लावायचे. तिकडे पुण्याचा ०२१२ जाऊन तोही ०२० झाला. हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आता तू पुण्यातच आलास की रे!" आई गेल्याचा निरोपही याच फोनवर आला, पहाटे चार वाजता. तरीसुद्धा आम्ही त्याला यंत्र म्हणून कधी गणलं नाही.

आता ब्रिटनमधले हे जुने तांब्याच्या तारांवरचे फोन बंद होणार, हे तुम्ही ऐकलंच असेल. एक्स्चेंजमधली जुनी सामग्री जीर्ण झाली, तिचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून सगळे फोन इंटरनेटवरून चालवायचे ठरले. आधी २०२५ अखेरची मुदत होती, ती पुढे जानेवारी २०२७ करण्यात आली. बाकीचे लोक "बघू, सांगतील तेव्हा" म्हणून बसले होते. आम्ही मात्र आपण होऊन कंपनीला कळवलं, "आम्हाला पहिल्या तुकडीत घ्या!" नवा राउटर आला, फोनची वायर भिंतीतून काढून राउटरच्या पाठीत खोचली. पाच मिनिटांत काम फत्ते. आवाज कसा स्वच्छ!

अर्ज भरताना एक प्रश्न विचारलेला होता. घरात कुणी गळ्यातलं अलार्मचं बटन वापरतं का? आम्ही "पुढे, पुढे" करत तो ओलांडला. कंपनीला बोल लावायला जागा नाही. त्यांनी विचारलं होतं.

आणि आमच्या घरात ते बटन होतं. २०२२ साली सौ.च्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती ते गळ्यात घालते. "माझं दुसरं मंगळसूत्र," म्हणते. बटन दाबलं की हॉलमधला डबा मदत केंद्राला फोन लावतो आणि तिकडची बाई विचारते, "ठीक आहात ना?"

नोव्हेंबर २०२४ मधला शनिवार. मंडळाच्या डॉलिस हिलच्या वास्तूत ज्येष्ठ मंडळींपुढे आमचं भाषण होतं. विषय 'खिशातला मदतनीस', म्हणजे मोबाइलवरची नवीनवी अ‍ॅप्स. भाषण रंगलं. ब्रिटिश पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र याच डॉलिस हिलमध्ये होतं, फोनवर वेळ सांगणारं १९३६ सालचं बोलतं घड्याळ इथलंच, आणि युद्धकाळात टॉमी फ्लॉवर्सने कोलोसस हा संगणक इथेच बांधला, हे सांगितल्यावर तर टाळ्या पडल्या. आम्ही चहाला थांबलो, दोघातिघांच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवून दिला.

त्याच वेळी हॅरोला आमच्या गल्लीतले दिवे गेले होते.

अंधारात सौ. स्वयंपाकघरात पाय अडखळून पडली. मोबाइल वर चार्जिंगला. तिने बटन दाबलं. डब्याला स्वतःची बॅटरी होती, तो टूं टूं करत फोन लावू लागला. पण लावणार कशावर? दिवे गेले तसा राउटर गेला, राउटर गेला तसा फोन गेला. सव्वा तास ती कपाटाला पाठ टेकून थंड फरशीवर बसून होती.

आम्ही दार उघडलं, अंधारात चाचपडत आत गेलो, तर पहिला प्रश्न, "कसं झालं हो भाषण?"

कोपर खरचटलं होतं, मोडलं काही नव्हतं. नंतर चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "पाच वेळा दाबलं मी. मला वाटलं, माझंच दाबायचं चुकतंय."

हे वाक्य आम्हाला आजही टोचतं. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते आमचं.

त्या रात्री आम्हाला त्या जुन्या फोनची थोरवी कळली. तांब्याच्या त्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे, थेट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, सुमारे ५० व्होल्टची. सगळ्या गल्लीत काळोख झाला तरी तो साधा फोन चालू राहायचा. पन्नास वर्षं त्याने ही सेवा केली आणि एकदाही सांगितलं नाही. आमची बाकीची यंत्रं मात्र सतत आपलं कौतुक सांगत असतात.

असो. आमच्यासारखे शहाणे आणखीही असतील, म्हणून चार गोष्टी सांगतो. घरात अलार्मचं बटन असेल तर ते फोन कंपनीला आणि अलार्मवाल्यांना, दोघांनाही, बदल होण्याआधी सांगा. अशी बटनं बंद पडल्याच्या गंभीर घटना घडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी सरकारला लेखी हमी दिली आहे, तेव्हा विचारायला लाजू नका. ज्यांची सगळी भिस्त लँडलाइनवरच आहे, त्यांना दिवे गेल्यावर निदान एक तास ९९९ लागेल अशी सोय फुकट द्यावी, असं ऑफकॉमचं सांगणं आहे. वीज गेली तर १०५ हा नंबर फिरवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ९९९ लागत नाही, हे नातवंडांनाही सांगून ठेवा.

आमच्याकडे आता सिमकार्डवर चालणारा नवा डबा आला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही मेन स्विच बंद करतो आणि सौ. बटन दाबते. तिकडची बाई विचारते, "ठीक आहात ना?" सौ. तिला इंग्रजीत सांगते, "मी ठीक आहे, आमच्या ह्यांची परीक्षा चाललीय."

मंडळाने पुन्हा भाषणाला बोलावलं आहे. या वेळी आम्ही एकाही अ‍ॅपचं नाव घेणार नाही. सुरुवातीलाच विचारणार आहोत, "आत्ता घरचे दिवे गेले, तर तुमचा फोन लागेल का?"