लाल आहेत ते पुंकेसर!

बॉटलब्रशच्या फुलाचा लाल रंग पाकळ्यांचा नाहीच! पाकळ्या असतात, पण इतक्या इवल्या आणि हिरवट की मुद्दाम शोधाव्या लागतात. डोळ्यांत भरतो तो सगळा लालिमा पुंकेसरांचा, आणि ज्याला आपण एक फूल म्हणतो तो तुरा म्हणजे दांड्याभोवती खेटून बसलेली कितीतरी फुलं. पुण्यात रस्तोरस्ती, सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या कुंपणालगत हे झाड आहे. भिंग घेऊन फांदी हातात धरली आणि मी अक्षरशः वेडी झाले.

कारण खरी गंमत पुढेच आहे. तुरा फुलून गेला की फांदी तिथे संपत नाही. तुऱ्याच्या टोकातूनच नवी पालवी फुटते आणि फांदी पुढे चालू लागते! फुलांच्या जागी कठीण, मण्यांसारखी बोंडं फांदीला घट्ट चिकटून राहतात, वर्षानुवर्षं. मग फांदी शेंड्याकडून बुंध्याकडे बघत या: पानं, बोंडांचा पट्टा, पुन्हा पानं किंवा पानांच्या खुणा, पुन्हा बोंडांचा पट्टा. एकेक पट्टा म्हणजे एकेक जुना बहर. झाडाचे मागचे बहर असे बोटाने मोजता येतात, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

हे झाड जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी यांच्या कुळातलं. खूण सोपी आहे. पान उन्हासमोर धरा, तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. मग पान चुरडून वास घ्या. पेरूचं पान घेऊन हेच करून पाहा, आणि पेरूच्या फुलातला पांढऱ्या पुंकेसरांचा झुबकाही बघा. नातं लगेच पटतं.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती दिसतात, दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या. एकीच्या फांद्या खाली झुकलेल्या, तिचं शास्त्रीय नाव कॅलिस्टेमॉन विमिनॅलिस. दुसरी ताठ, झुडपासारखी, चुरडलेल्या पानाला लिंबासारखा वास असलेली, कॅलिस्टेमॉन सिट्रिनस. (नव्या पुस्तकांत दोघींना मेलाल्यूका या प्रजातीत घातलेलं सापडेल. गोंधळू नका.) झुकण्यावरून नक्की होत नसेल तर भिंग काढा. विमिनॅलिसचे पुंकेसर तळाशी जोडले जाऊन छोटं कडं करतात, सिट्रिनसचे सुटे असतात. आमच्या कोपऱ्यावरच्या झाडात ते कडं दिसलं तेव्हा मी तिथेच मोठ्याने ओरडले!

सिट्रिनसचं वर्णन विल्यम कर्टिस यांच्या बोटॅनिकल मॅगझीनमध्ये 1794 सालीच आलं. पण तिची मला सर्वांत आवडलेली गोष्ट 1977 ची आहे. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशखाली तण फारसं उगवत नाही. शोध घेता घेता लेप्टोस्पर्मोन नावाचं द्रव्य हाती लागलं, आणि त्याच्या रचनेवरून पुढे मक्याच्या शेतात वापरायचं मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं. परसातल्या शोभेच्या झुडपाखालची उघडी माती एका माणसाने नीट पाहिली, बस्स!

लावायचं तर भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन द्या. मूळ धरेपर्यंत पाणी नियमित, नंतर हात आखडता घेतला तरी चालतो. बियांसाठी जुनी, टणक बोंडं फांदीसकट काढून कागदी पिशवीत, कोरड्या उबदार जागी ठेवा. फांदीचा रस तुटला की बोंडं आपोआप उघडतात आणि भुकटीसारखं बी पडतं. ते भुसभुशीत मातीवर नुसतं पसरा, खोल पुरू नका. मात्र आवडलेल्या झाडाचाच रंग आणि ठेवण हवी असेल तर अर्धवट पिकलेल्या फांदीचं छाट कलम करा, कारण बियांची रोपं आईसारखीच निघतील याची खात्री नसते. छाटणी मात्र तुरे सुकल्या सुकल्या, त्यांच्या जरा मागे. तिथून अनेक फुटवे येतात आणि पुढच्या हंगामात प्रत्येकाच्या टोकाला तुरा!