काय करावे? करावे!

भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला की आमच्याकडे इलेक्शनचं वातावरण असतं. यंदा बायकोचं मत उलव्याला. नवा टॉवर, कमी भाडं. माझं मत करावे गावालाच. तिचं ऑफिस खारघरच्या उत्सव चौकात, माझं फोर्टात. शेवटी ठरलं, आठवडाभर सगळ्या गाड्या करून बघायच्या आणि मगच काय तो निकाल!

पहिली अर्थातच हार्बर. घरापासून सीवूड्स स्टेशन चालत वीस मिनिटं, पुढे सीएसएमटीपर्यंत तासाभराहून थोडं जास्त. बसायला जागा? विसरा! पण एक लोकल चुकली तरी चहा संपायच्या आत मागून दुसरी हजर.

गुरुवारी बायकोबरोबर मेट्रो. सीवूड्सहून पुढचंच स्टेशन बेलापूर, तिथे गाडी बदलायची. 2011 मध्ये काम सुरू झालेली ही 11.1 किलोमीटरची लाइन पेंधरपर्यंत धावायला 17 नोव्हेंबर 2023 उजाडला. पण थेट उत्सव चौकात सोडते, तेही एसीत. खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांची मनधरणी नाही. बायको फिदा! मला मात्र तिचा उपयोग शून्य, कारण ती मुंबईकडे येतच नाही.

शनिवारी उरण लाइन. 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत पोचलेली. खिडकीत खाडी, खारफुटी, आणि चक्क बसायला जागा! बामणडोंगरीला उतरून घर पाहिलं. झकास होतं. परत येताना मात्र गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत आम्ही अख्खी शेंगदाण्याची पुडी संपवली, मग जुनं भांडणसुद्धा. बायकोच म्हणाली, ‘रात्री फोर्टातून उशिरा निघालास आणि नेरुळला ही गाडी चुकली, तर?’

निकाल तिथेच लागला. गाडी किती चकाचक आहे, हे पहिल्या दिवशी बघायचं. रोजच्याला एकच प्रश्न, चुकली तर पुढची कधी?

घरमालकीण मावशींना सांगितलं, ‘राहतोय आम्ही. फक्त स्टेशन जरा लांब पडतं हो.’

मावशी हसल्या. ‘हे सगळं यायला आमची शेतं गेली, बाबा. आणि तुम्ही वीस मिनिटं चालायला कुरकुरता?’

सोमवारपासून मी रिक्षा सोडली.