कुरळ्या केसांची तहान

मुलीचे केस कसे सरळ, लांब, चापूनचोपून बसणारे हवेत, अशी आपल्याकडची समजूत. ज्यांच्या वाट्याला कुरळे केस आले त्यांनी लहानपणापासून काय काय ऐकले असेल, ते विचारूच नका. "काऊन वं, डोक्यात चिमणीनं खोपा केला का?" हे बोल आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत अजून कानी पडतात. माझेही केस तसेच, म्हणून सांगते. बोलणारा बोलून जातो. पोर मात्र आरशापुढे रडते आणि पाहुणे बघायला यायचे ठरले की शहरात जाऊन केस सरळ करून येते. त्या औषधांनी केसाची घडणच मोडते. केस तुटू लागतात आणि मुळाशी नवा उगवतो तो पुन्हा कुरळाच!

हे केस कोरडे का पडतात, ते आधी पाहू. डोक्याच्या कातडीतून सुटणारे तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणाला ते अडते. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दोरीवरचे लुगडे घटकाभरात वाळते. केसाचीही तीच गत. मग आपण वाटीभर तेल थापतो. पण भगिनींनो, तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल ओल देत नाही, असलेली ओल धरून ठेवते. शेतात आपण कोरड्या जमिनीवर आच्छादन टाकत नाही. आधी ओलीत, मग आच्छादन. केसांचेही तसेच आहे.

खोबरेलाचा मात्र एक जादा गुण आहे. ते काही प्रमाणात केसाच्या आत शिरते. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल लावून पाहिले. केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली ती खोबरेलानेच. म्हणून न्हाण्याच्या आधी तासभर खोबरेल लावा आणि शेंड्यांना विसरू नका.

न्हाणे आठवड्यातून एकदा पुरे. घाम फार येत असेल तर दोनदा. अंगाचा साबण केसाला लावू नका. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बरेच ठिकाणी जड असते. त्यात साबणाचा पांढरा साका होतो व केसांवर बसतो. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी केसांनाही चांगले नाही. पावसाचे स्वच्छ साठवलेले पाणी मिळाले तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या. आणि कढत पाणी नको, कोमट घ्या.

आता खरी युक्ती. आपल्याकडचा जवस चटणीत जातो, घाण्यावर जातो. तो केसांच्याही कामाचा आहे. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत उकळा. भेंडीसारखी तार सुटू लागली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झाल्यावर ते गळत नाही. हा चिक न्हाऊन झाल्यावर ओल्या केसांना हाताने चोपडा आणि वरून तळव्यावर चार थेंब तेल घेऊन फिरवा. केस वाळले की कुरळ्या बटा मऊ आणि सुट्या राहतात. चिक लवकर आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा.

केस पंचाने खसाखसा पुसू नका; जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपून घ्या. फणी मोठ्या दातांची असावी आणि ती ओल्या केसांतच फिरवावी, आधी शेंड्याकडचा गुंता, मग वरचा. वाळल्या केसांत फणी घातली की केस तुटतात आणि पोर रडते. निंदणाला, वेचणीला जाताना सैल वेणी घालून मगच डोक्याला फडके बांधा.

एवढी निगा कशाला, असे म्हणाल. कोरडे केस न विंचरता राहिले की त्यांचा गुंता होतो, गुंत्याची जट होते. मग कोणी म्हणते, ही देवीची, कापायची नाही. अशा जटांचे ओझे मानेवर घेऊन कितीतरी बायकांनी उभा जन्म काढला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, समजूत घालून त्या सोडवल्या. जट म्हणजे कोप नव्हे की कौल नव्हे. तो फक्त गुंता आहे.

तेव्हा घरात कुरळ्या केसांची पोर असेल तर तिला खोप्याची उपमा देऊ नका. आठवड्याला अर्धा तास तिला पुढ्यात घेऊन बसा. मूठभर जवस कोणत्या घरात नसतो?